मिठाचा अंदाज

सुलाबाईंनी पातेल्यातली गरम खिचडी वाटीत काढली, फुंकर घातली आणि नूरीनपुढे धरली.

"बगा बाई, मीठ."

पोरांना वाढण्याआधी कुणीतरी मोठ्या माणसानं चव घ्यायची, हा शाळेचा नियम. नूरीन मिरजेची, साताऱ्यात बी.एड. करणारी. माणदेशातल्या या शाळेत ती सरावाला आली आणि तिच्या वाटणीला आलं पोषण आहाराचं काम. मैत्रिणी हसल्या. पण याचे गुण मिळाल्याशिवाय तिचं वर्ष पुरं होणार नव्हतं.

वाटी घेऊन ती मागं हौदापाशी गेली. रोज तिथंच जायची. ती शाळेत आली त्याच आठवड्यात रमजान लागला होता आणि तिचे रोजे चालू होते. जिभेला लावून थुंकलं तर रोजा मोडत नाही, असं अम्मी सांगायची. तरी तिचं मन धजावेना. मुख्याध्यापकांना सांगावं, तर काम दुसऱ्याकडे जायचं. खिचडी ती कोंबड्यांना टाकी, रिकामी वाटी परत आणी आणि मान डोलावी.

मनाला टोचायचं, नाही असं नाही. पण सुलाबाईंचा हातच तसा होता. माप नाही, चमचा नाही, मुठीनं मीठ भिरकावलं की काम फत्ते. पोरं ताटं चाटूनपुसून पुन्हा रांगेत यायची. अशा हाताची परीक्षा आपण कोण घेणार? रोज उठून सोनं कुणी कसाला लावतं का?

एकदा तेवढी खिचडी बुडाला लागली. करपट वास व्हरांड्यापर्यंत आला, तशी नूरीन धावत गेली. सुलाबाई पातेल्याशेजारीच मेथी निवडत बसल्या होत्या. कामात किती गुंगून जातात, याचंही तिला कौतुकच वाटलं.

आज साताऱ्याहून रविराज सर तिचं काम तपासायला आले. नशीब, तिनं रिकामी वाटी परत दिल्यावर पोचले. ते थेट पोरांच्या पंगतीत बसले. एक घास घेतला, दुसरा घेतला आणि ताट पुढं केलं.

"मावशी, आणखी वाढा. एवढ्या पोरांचा स्वयंपाक आणि मीठ इतकं नेमकं? घरीसुद्धा असं जमत नाही."

नूरीनचा जीव भांड्यात पडला. सुलाबाईंचा तिला मनापासून अभिमान वाटला.

सुलाबाईंनी पदराला हात पुसले आणि मायेनं तिच्याकडं पाहिलं.

"माजं कवतिक नगं सर, मार्क ह्या बाईस्नी द्या. दिवाळीत ताप आला, तवापास्नं मला वास न्हाई का चव न्हाई. खारट, अळणी, कायबी कळत न्हाई. ह्या रोज चाखून मान हलवत्यात, तवाच मी पोरास्नी वाढते."