पलंगासकट

रविवार उजाडला की दौलतराव पलंगावर बसूनच घाईघाईने दाढी उरकत. मुलाने कोठीच्या बाजारातून फरशी धुण्याचं विजेचं मशीन आणलं होतं. ते लावायचं तर घरातलं सगळं सामान बाहेर गॅलरीत काढावं लागे. पाय अधू झालेल्या दौलतरावांनाही, पलंगासकट. तिथे शेजारचे करीमभाई चहा घेऊन त्यांची वाटच पाहत असत.

महिन्याभरात सून निशिगंधा टेकीला आली. "मामा, सामान काढून काढून कंबर गेली माझी. विकून टाकते हे मशीन. आपला पोछाच बरा."

"नक्को गं," दौलतराव एकदम म्हणाले. "मग मला बाहेर कोण काढणार?"

निशिगंधाने पलंगाच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मशीन जाऊ द्या, मामा. पलंगाला चाकं बसवू, म्हणजे रोज बाहेर जाता येईल."

"मग सुताराला आजच बोलाव की," दौलतराव म्हणाले.