मूठभर जवळा

डॉक्टरने ब्लडप्रेशर मोजून बजावलं, "सुकी मासळी बंद. कच्च्या भाज्या खा." चेंदणी कोळीवाड्यातला धाकू घरी येऊन भडकला, "पाला चघळायला मी काय बकरी हाय?"

मालू हसली. चाळीस वर्षांत नवऱ्याला ती पुरती ओळखून होती. त्या दुपारी तिने मूठभर भाजलेल्या सुक्या जवळ्यात चिमूटभर मुळा किसला. धाकूला पत्ताच लागला नाही. मग रोज मुळा, काकडी, गाजर वाढत गेलं आणि जवळा कमी होत गेला.

तीन महिन्यांनी डॉक्टर खूश झाला. म्हणून मालूने त्या दिवशी नवऱ्याला लाडाने पूर्वीसारखा नुसता जवळा वाढला.

धाकूने एकच घास खाल्ला आणि ताट सरकवलं.

"मुळा संपला काय गं? नुसता जवळा कोण खाईल?"