खुंटीवरचं स्टिअरिंग

वाणगावच्या चिमणकाकांचा आपल्या जुन्या फियाटवर पोटच्या पोरीएवढा जीव. तलासरीत कुणाची तरी जुनी अ‍ॅम्बेसेडर चोरीला गेल्याचं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, तेव्हापासून ते गाडी लावली की स्टिअरिंगच काढून आणायचे आणि स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवायचे.

"आता कोण नेतो बघू!"

एका दुपारी काका जेवत होते, चंद्रिकाकाकू भाकरी थापत होत्या. तेवढ्यात खुंटीवरचं स्टिअरिंग आपोआप डावीकडे फिरलं.

"अहो, उंदीर असेल का?"

स्टिअरिंग सरळ झालं. मग सावकाश उजवीकडे वळलं.

काकांचा घास हातातच राहिला. "डावीकडे म्हणजे स्टेशनचा फाटा. आणि हे उजवं वळण... चिंचणीचा रस्ता! अगं, गाडी चालली आपली!"

"बिनस्टिअरिंगची?" काकू म्हणाल्या. पण मांडणीवरची भांडी किणकिणायला लागली होती, खड्ड्यातून जात असल्यासारखी.

काका उष्ट्या हातानेच खिडकीकडे धावले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. फियाट अंगणात चिकूच्या झाडाखाली जशीच्या तशी उभी होती.

फक्त झाडासकट हळूहळू मागे पडत चालली होती.