वाघोबाची बेकरी

ओव्हनमधल्या नानकटाईचा वास घरभर पसरला होता. दिवाळीला आलेली जुईची आत्या शिक्षिका होती. पोरीला शाळेत न घालता घरीच शिकवायचं, हे तिला अजून पटलेलं नव्हतं. "सात वर्षांची झाली गं जुई, वृषाली. वाचता तरी येतं का तिला?" तिने जुईच्या आईला विचारलं.

"जुई, आत्याला 'वाघोबाची बेकरी' वाचून दाखव बरं," वृषाली जरा तोऱ्यातच म्हणाली.

जुई सोफ्यावर मांडी घालून बसली. आवाज चढवत, उतरवत, नेमक्या जागी पानं उलटत ती वाचू लागली. आत्याचा चेहरा खुलला.

"वाघोबाने भट्टीचं दार उघडलं. आतला पाव फुगून टम्म झाला होता. किती वेळा सांगायचं तुला? डोकं आहे की खोकं?"

आत्या खळखळून हसली. "भलताच चिडका की गं तुझा वाघोबा!"

वृषाली ओव्हनचं दार धरून तशीच उभी राहिली. ते शेवटचं पुस्तकात नव्हतं. पोरीला वाचता येतच नव्हतं. रोज सकाळी जे कानावर पडायचं, ते तिने जसंच्या तसं पाठ केलं होतं, आईच्या आवाजासकट.

"पुरे आता, जुई," ती घाईने म्हणाली. "ताई, नानकटाई घ्या ना, गरम आहे तोवर."

"अगं, वाचू दे की तिला! हं, जुई, पुढे काय झालं?"

जुईने पान उलटलं, आणि तोंड उघडण्याआधी एका हाताने गाल झाकून घेतला.