पांढऱ्या केसांचा भाऊ

"वाच, वाच. काय म्हणतोय तो काळा?" नानासाहेब बसल्या खुर्चीत पुढं सरकले.

टीव्हीवर जपानी कार्टूनचा शेवटचा भाग चालू होता. कार्टून म्हटलेलं गौतमीला खपत नसे. "ॲनिमे म्हणा, आजोबा," ती दर वेळी बजावायची. नात आठवीत, इंग्रजी शाळेतली. पडद्याखालच्या इंग्रजी ओळी झरझर वाचायची आणि आजोबांना मराठीत सांगायची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर महिनाभर नानासाहेबांना उस्मानपुऱ्यातल्या फ्लॅटबाहेर पाऊल टाकता आलं नव्हतं. एका दुपारी कंटाळून ते मधूनच हे बघायला बसले आणि पुरते अडकले. आता चार वाजले की चहा राहिला तरी चालेल, पण टीव्ही लागलाच पाहिजे.

गोष्ट दोन भावांची. एकाचे केस पांढरेशुभ्र, दुसऱ्याचे काळेभोर. ती जपानी नावं नानासाहेबांच्या जिभेवर काही बसेनात, म्हणून त्यांनी सरळ पांढरा आणि काळा अशी नावं ठेवून टाकली. लढाई जिंकल्यावर काळ्यानं भरल्या सभेत एकेका शिपायाचं नाव घेऊन शाबासकी दिली, आणि सख्ख्या भावाचं नाव तेवढं विसरला. पांढरा न बोलता उठला आणि डोंगरात निघून गेला. तो भाग बघून नानासाहेबांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली होती.

"घरच्याच माणसाला विसरतं का कुणी?"

"विसरतंय की," स्वयंपाकघरातून आशाबाई म्हणाल्या. नवऱ्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आशाबाईंचा टोला बरोबर बसला होता. चौदा वर्षांपूर्वी नानासाहेबांच्या लेकीचं लग्न झालं. धाकटा भाऊ पुंजाराम पहाटेपासून राबत होता. त्याला पंगतीकडं बघायला नानासाहेबांनीच पाठवलं होतं. इकडं मांडवात सगळ्या भावकीला फेटे बांधून झाले, पार लांबच्या चुलत्यालाही झाला, आणि पुंजारामची आठवण कुणाला राहिली नाही. तो मांडवात आला तेव्हा सगळ्यांच्या डोक्यावर फेटे, आणि मुलीच्या सख्ख्या काकाचं डोकं बोडकं. अक्षतांना न थांबता, पाण्याचा घोट न घेता तो गावी पाचोडला निघून गेला. तेव्हापासून दोघा भावांत बोलणं नाही. नानासाहेबांचं म्हणणं एकच. मी थोरला. माझ्या लेकीच्या मांडवातून तो उपाशी उठला. वाकायचं तर त्यानं.

आता येत्या रविवारी पुंजारामच्या धाकट्या लेकीचं लग्न होतं. पत्रिका आली होती, पण भावकीतल्या रामकिसनच्या हातून. "स्वतः यायला काय झालं होतं त्याला?" असं म्हणून नानासाहेबांनी ती टीव्हीशेजारी ठेवून दिली. आशाबाईंनी एकदाच सांगून पाहिलं, "अहो, हे त्यांच्या घरातलं शेवटचं कार्य. आत्ता नाही गेलो तर मग एकमेकांच्या मयतालाच जायचं." नानासाहेब हलले नाहीत. झोप मात्र त्या दिवसापासून धड लागत नव्हती.

पडद्यावर काळा बर्फातून डोंगर चढून आला. भावासमोर गुडघे टेकले, दोन्ही हात भुईवर ठेवले आणि कपाळ बर्फाला लावलं.

"तो म्हणतोय," गौतमी वाचू लागली, "चूक माझी होती. तुझा राग खरा आहे. तू माफ नाही केलंस तरी मी इथून उठणार नाही."

नानासाहेबांना मनापासून बरं वाटलं. महिनाभर ते याचीच वाट बघत होते. "आता कसं. आला का शेवटी? धाकट्यानं वाकायलाच पाहिजे."

"आजोबा, तो धाकटा नाहीये. तो मोठा भाऊ आहे. धाकटा पांढरा."

"अगं, केस बघ की त्याचे."

"ॲनिमेत केस कसेही असतात. पांढरा सोळा वर्षांचा आहे. सुरुवातीच्या भागात सांगितलंय सगळं, तुम्ही ते बघितलेच नाहीत."

महिनाभर नानासाहेब पांढऱ्याच्या बाजूनं भांडत होते. विसरला गेला त्याच्या बाजूनं, न बोलता उठून गेला त्याच्या बाजूनं. आणि विसरणारा थोरला तिथं बर्फात डोकं टेकून बसला होता. काळ्याला महिनाभर दिलेल्या सगळ्या शिव्या त्यांना आठवल्या, आणि स्वतःची लाज वाटली. मग थोडं हसूही आलं. पांढऱ्यानं भावाला खांद्याला धरून उठवलं, तेव्हा गौतमी पुढं वाचायला लागली. "राहू दे, कळलं," ते म्हणाले. डोळे पुसले.

"आशा, पुंजाचा नंबर आहे का गं कुणाकडं?"

आशाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि आपला फोन त्यांच्या हातात दिला. नंबर लावलेलाच होता. दोघी जावांचं बोलणं चौदा वर्षांत एक आठवडाही थांबलं नव्हतं, हे नानासाहेबांना त्या दिवशी कळलं.

"हॅलो, वहिनी," तिकडून पुंजारामचा आवाज आला. आवाज बराच म्हातारा झाला होता.

"पुंजा, मी."

तिकडून भडाभडा सुरू झालं. "दादा? दादा, तुमी व्हय? माझं लई चुकलं दादा, म्या तसं मांडवातून उठून यायला नको…"

"गप बस," नानासाहेब म्हणाले. "थोरला मी हाय. माफी आधी मी मागणार."