टाकीतलं पाणी

फिल्टरच्या काचेच्या वाटीत पुन्हा पाणी होतं.

तय्यबनं वाटीखालचा स्क्रू सैल केला आणि आतलं सगळं एका रिकाम्या बाटलीत उतरवून घेतलं. थोड्या वेळानं बाटलीत दोन थर दिसू लागले. वर पिवळसर डिझेल, खाली स्वच्छ पाणी. पाणीच जास्त होतं. महिन्यातली ही पाचवी खेप. दर वेळी शेलूबाजारचं गॅरेज बंद करून तो धरणावर यायचा, मच्छीमार संस्थेच्या होडीचं इंजिन खोलून साफ करायचा, आणि आठवडा होत नाही तोच होडी चालवणाऱ्या खेमाचा फोन यायचा.

"झाकणाचं रबर मी नवं टाकलं," तय्यब म्हणाला. "डिझल गाळून टाकता ना तुमी?"

"दुहेरी फडक्यानं."

"अन् संध्याकाळी टाकी भरून ठेवता?"

"काठोकाठ. तुमीच सांगतलं होतं ना, टाकी रिकामी राह्यली का आतून घामेजते."

"मंग एवढं पाणी येऊन राह्यलं कुठून?"

खेमानं बाटली उचलून उजेडात धरली.

डिझेलच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस तय्यबनं दुसरा पाहिला नव्हता. पूर्वी खेमा असा नव्हता. गेल्या वर्षी, पोळ्यानंतर, त्याचा डिझेलचा कॅन झाकण न लावता पावसात राहिला. सकाळी तेच डिझेल टाकीत ओतून तो मुलीला, मंजूला, पलीकडच्या काठावर सोडायला निघाला. तिचा बारावीचा वर्ग होता. मधोमध आल्यावर इंजिननं दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. वारा सुटला होता. होडी वाहत गेली, पाण्याखालच्या वाळक्या बाभळींवर आदळली आणि उलटली. खेमा काठाला लागला. मंजू दुसऱ्या दिवशी सापडली.

त्याला तेरा महिने झाले होते. तेव्हापासून त्याची बायको रामीबाई त्याच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. भाकरी वाढायची, पाण्याचा गडवा पुढे ठेवायची. बोलायची नाही.

"कुलूपवालं झाकण आणलं का?" खेमानं विचारलं.

"आणलं ना."

"आजच बसवा. सांजच्याले इंजिन चालूच पाह्यजे मले."

तय्यबनं टाकी पुसून कोरडी केली, नवं डिझेल भरलं. कुलूप बसवायला दोन बोल्ट कमी पडत होते. ते आणायला खेमा सायकलीनं गावात गेला. तय्यब वर लिंबाखाली बसून डबा खाऊ लागला.

दुसरा घास तोंडात असतानाच त्याला रामीबाई दिसली. पदराआड तांब्या धरून ती उतारावरून खाली आली. वाकून तिनं धरणाचं पाणी घेतलं, होडीत चढली आणि टाकीचं झाकण उघडलं.

"भाबी!" तय्यब धावत खाली आला.

ती दचकली. पण हात मागे घेतला नाही. तांब्या रिकामा होईपर्यंत ओतत राहिली.

तय्यबला वाटलं, आता सगळं समजलं. ज्या पाण्यानं लेक गेली, तेच पाणी ही पुन्हा पुन्हा नवऱ्यापुढे मांडते आहे.

"भाबी, गलती झाली त्यायची. पण किती दिवस सजा देसान?"

"सजा?" रामीबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "सजा कायची, तय्यबभाऊ? सांजच्याले जाळं न घेता होडी काढतेत ते. जिथं मंजू सापडली, तिथं जाऊन बसतेत. मोबाईल घरी, चपला घरी. मांगच्या महिन्यात मी झोपली समजून त्यायनं माह्या पायाले हात लावला. नवरा बायकोच्या पायाले हात लावते का कधी? तवापासून ज्या दिवशी त्यायचं तोंड तसं दिसते, त्या दिवशी तांब्याभर पाणी टाकते. इंजिन सुरूच होत नाही. होडी काठालेच राह्यली का तेवढा दिवस निंगून जाते."

तय्यबनं इंजिनाकडे पाहिलं. महिनाभर तो हे इंजिन दुरुस्त करून देत होता.

"मंग त्यायले बोलत काहून नाही तुमी?"

"तोंड उघडलं का मंजूच येते तोंडात. मंग काईच बोलणं होत नाही."

सायकलीचा आवाज आला. खेमा उतारावर थांबला होता. बायकोच्या हातातला ओला तांब्या त्यानं पाहिला. उघडी टाकी पाहिली. सायकल तशीच आडवी टाकून तो सावकाश खाली आला आणि होडीच्या कडेला टेकून उभा राहिला.

"म्हणजे तूच," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "बराबर हाय तुहं. पोरगी माह्याच हातानं गेली. टाक, रामी. रोज टाक. पण आजचा दिवस जाऊ दे मले."

तय्यबनं कुलपाचं झाकण आपल्या पिशवीत टाकलं आणि तो दोन पावलं मागे सरला.

रामीबाई होडीतून उतरली. घोटाभर पाण्यातून चालत नवऱ्यासमोर आली. तिनं खेमाचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मग तेरा महिन्यांत पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली.

"तुमी बी गेले, तं मंजूचं नाव मी कोणाजवळ काढू?"