घट्ट ठुशी
तिसऱ्या महिन्यातली चोरओटी, म्हणून लंडनजवळच्या पिनरमधल्या घरात बाहेरचं कुणीच नव्हतं. सासूबाईंनी ऋजुताच्या गळ्यात तिची लग्नातली ठुशी बांधली, तर ती रुतायलाच लागली. "दिवस गेले की बाई भरतेच. थांब, दोरी सैल करते. स्वरालीच्या वेळीही केली होती की." ऋजुताने त्यांचा हात धरला. स्वरालीच्या वेळीही तिला भर जूनमध्ये हीटर लागायचा, जिना चढताना मध्येच बसावं लागायचं, आणि सगळे म्हणायचे, पहिलटकरणीला असं होतंच. आता स्वराली चार वर्षांची होती आणि अजून जेमतेम 'आई', 'पाणी' एवढंच म्हणायची. "त्या गरोदरपणात तुमचा गळ्यातला थायरॉइड तपासला होता?" मुलांच्या डॉक्टरांनी परवाच विचारलं होतं. तिच्या न बोलण्याचं तेच कारण असेल असं सांगता येत नाही, असंही त्या म्हणाल्या होत्या. पण तपासला कुणीच नव्हता. "राहू द्या घट्टच, आई. मी जीपीकडे, आपल्या डॉक्टरकडे जाऊन येते." "अगं, तिसऱ्यात कुणाला सांगायचं नसतं!" "डॉक्टरला सांगायचं असतं." ओटीचा नारळ देवापुढे ठेवून ती स्वरालीला घेऊन निघाली. रिसेप्शनिस्ट म्हणाली, पुढच्या आठवड्यात या. ती तिथेच खुर्चीत बसून राहिली. शेवटी डॉक्टरने आत बोलावलं. "प्रेग्नन्सीत थकवा असतोच," तो हसून म्हणाला. "गळ्यातलं तेवढं सैल करा, बरं वाटेल." ऋजुताने स्वरालीला मांडीवर घेतलं. "मागच्या वेळी सैल केलं होतं, डॉक्टर. या वेळी रक्त तपासा."